पुढच्या वर्गातली ताई



पोफळी, शिरगाव, अलोरे या बाजूच्या मुली बारावी झाल्या की पुष्कळदा नर्सिंगकडे वळतात. घरात आनंद होतो. गावातला कोणी जाणता माणूस प्रवेशाचे कागद भरून देतो, आई डब्यात लाडू भरते, आणि मुलगी वसतिगृहात जाते. पुढे दिवाळीला ती घरी येते आणि सुटी संपली तरी परत जायचे नाव काढत नाही. विचारलं तर म्हणते, "मला जमत नाही."

काय जमत नाही? रक्ताची भीती वाटते, असे आपण समजतो. ती भीती पंधरा दिवसांत जाते. खरी अडचण वेगळीच असते. मराठीतून शिकलेल्या मुलीपुढे शरीररचनेचे जाडजूड इंग्रजी पुस्तक येते. सकाळी वॉर्डात उभे राहायचे, दुपारी वर्ग, रात्री पाठांतर. शंका विचारावी तर बाईंची भीती, आणि शेजारच्या मैत्रिणीलाही तेवढेच कळलेले.

येथे पुढच्या वर्गातली ताई उपयोगी पडते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे पहिल्या वर्षाच्या चार-पाच जणी सोपवायच्या आणि आठवड्यातून दोनदा तासभर एकत्र बसवायचे. उदाहरण घ्या. पाचशे मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे, नळीतून वीस थेंबांना एक मिलिलिटर पडते. तर मिनिटाला थेंब किती? ताई आधी उत्तर सांगत नाही. एकूण थेंब किती, असे विचारते. दहा हजार. मिनिटे किती? दोनशे चाळीस. म्हणजे सुमारे बेचाळीस. आणि बाटली उंच का टांगायची? पोफळीच्या मुलीला हे सांगायला नको! घाटावरचे कोयनेचे पाणी बोगद्यांतून खाली येऊन १९६२ पासून येथले वीजगृह चालवते, ते उंचीच्याच जोरावर. असे घरचे उदाहरण बाईंना सुचेलच असे नाही, ताईला सुचते; कारण दोन वर्षांपूर्वी ती याच ठिकाणी अडली होती.

ही रीत परदेशातून आलेली नाही, बरं का. आपल्या गावठी शाळांत पंतोजी एक आणि मुले पुष्कळ. मोठा मुलगा धाकट्याला धूळपाटीवर अक्षर गिरवायला लावी. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतले वाळूतले लेखन पाहून ते उचलले, मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतले आणि १७९७ साली त्यावर पुस्तक छापले. पुढे इंग्लंडात त्या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला. दोन शिक्षकी शाळा चालवणाऱ्या आमच्या गुरुजींना यात नवल वाटणार नाही.

नर्सिंगमध्ये सोबतीचे मोल रमाबाई रानडे यांनी जाणले होते. पुण्याच्या सेवासदनातून मुली ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या, तेव्हा समाजात त्या कामाला मान नव्हता. त्या मुलींसाठी वसतिगृह निघाले. बाहेर नावे ठेवणारे पुष्कळ असताना आपल्यासारख्याच चौघीजणी एका छपराखाली असणे, हा केवढा आधार!

मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. ताई म्हणजे शिक्षिकेची फुकटची बदली नव्हे. जागा रिकाम्या ठेवून मुलींकडून वर्ग चालवून घेणारी संस्था दोघींचेही नुकसान करते. ताईला आधी शिकवायला शिकवले पाहिजे, तिच्या तासांची नोंद ठेवली पाहिजे, आणि औषधाच्या मात्रेबाबत शंका आली तर ती बाईंकडेच गेली पाहिजे. तेथे अंदाज चालत नाही. दुसरे असे की, ताईपणाच्या नावाखाली धाकटीकडून कपडे धुवून घेणे, तिला रडवणे हे रॅगिंग झाले. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

ताई निवडताना पहिल्या नंबराचीच हवी असे नाही. माझे मत विचाराल तर, एकदा एका विषयात नापास होऊन पुन्हा उभी राहिलेली मुलगी अधिक बरी. तिचाही त्यात फायदा असतो, कारण दुसऱ्याला समजावताना आपले कच्चे कुठे आहे ते उघडे पडते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमची एखादी विद्यार्थिनी दिवाळीला घरी आली, तर मार्क किती पडले हे नंतर विचारा. वरच्या वर्गातली कोणी ताई ओळखीची झाली का, हे आधी विचारा. नाही म्हणाली, तर ती परत निघण्यापूर्वी तिच्या संस्थेतल्या ट्यूटर बाईंना फोन करा.