किल्ली यजमानाच्या हाती



सुगी संपली की आपल्याकडे लग्ने आणि जत्रा सुरू होतात. पूर्वी माणसे बैलगाडीने जात. गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल घरची वाट धरीत. आता घरोघरी मोटारसायकल आली. सोय चांगली झाली. पण मोटारसायकलला घरची वाट ठाऊक नसते.

दारू पिऊ नये, हे आम्ही सांगतोच. पण कोणी प्यालाच, तर त्याने गाडीला हात लावू नये. आजचे सांगणे एवढेच.

काही गडी म्हणतात, "गुरुजी, दोनच घोट घेतले. मला काय व्हतंय? रोजचीच वाट हाय." दारू आधी विचार झाकते. म्हणून पिणाऱ्याला आपण ठीक आहोत असेच वाटते. ताशी 40 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 36 फूट पुढे जाते. समोर बैल आडवा आला आणि ब्रेक दाबायला एकच सेकंद उशीर झाला, तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

कोणी म्हणतो, "लिंबू चोखतो, डोक्यावर गार पाणी घेतो, म्हंजे उतरंल." तसे होत नाही. दारू उतरवण्याचे काम यकृत करते, आणि त्याला घाई ठाऊक नाही. 100 मिलिलिटर रक्तातली दारू तासाला साधारण 15 मिलिग्रॅम कमी होते. रात्री 12 वाजता ती 150 मिलिग्रॅम असेल, तर सकाळी 8 वाजताही 30 उरते. म्हणजे झोप झाली तरी दारू उरलेलीच असते.

कायद्याची हद्द 30 मिलिग्रॅमच आहे. 2019 साली मोटार वाहन कायदा कडक झाला. पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

मग करावे काय? मुक्काम करावा. पाहुण्याकडे पोचताच गाडीची किल्ली यजमानाच्या हाती द्यावी. पहिल्या घोटाआधी द्यावी, कारण नंतर ती देववत नाही. यजमानानेही ती सकाळपर्यंत देऊ नये. तो रागावला तर रागावू दे. राग सकाळी जातो, गेलेला माणूस येत नाही. प्यालेल्याला मोटारसायकलच्या मागेही बसवू नये. तोल जाऊन तो पडतो.

जत्रेच्या गावी धर्मशाळा किंवा भक्तनिवास असतो. लॉजवर उतरायचे तर आधारकार्ड जवळ ठेवावे. गाडी आत लावून तिचे हॅंडल लॉक करावे. आंबोली घाटात पावसाळ्यात दाट धुके असते. गोव्याहून परत येताना उशीर झाला, तर सावंतवाडीला थांबावे. उजाडल्यावर, डोके साफ असेल तरच घाट चढावा. हेल्मेट दोघांनीही घालावे.

वाटेत कोणी पडलेला दिसला तर 108 नंबरला फोन करा. रुग्णवाहिका फुकट येते. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये, असे कायदाच सांगतो.

मायबहिणींनो, किल्ली मागायला लाजू नका. एका रात्रीच्या मुक्कामाला एक चटई आणि एक वाकळ लागते. एवढ्यावर घरचा कर्ता माणूस वाचतो.