गाठ म्हणजे कॅन्सरच का?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर. वक्ते आपल्याच सोसायटीतील निवृत्त सर्जन आहेत.)

गेली पंचवीस वर्षं जिन्यात, लिफ्टमध्ये, अगदी गणपतीच्या मांडवातसुद्धा मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "डॉक्टर, ही गाठ जरा बघता का?" पुढचा प्रश्न तोंडातून निघत नाही, पण चेहऱ्यावर दिसतो.

म्हणून आधीच सांगतो, बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. शरीरातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हा हिशेब बिघडून पेशी नको तिथे वाढत राहिल्या की ट्यूमर होतो. तो दोन प्रकारचा असतो, साधा आणि घातक.

आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. एखादा सभासद घरात सामान भरत सुटतो, पण स्वतःच्या भिंतींच्या आत. ही साधी गाठ. ती सहसा हळू वाढते, शेजारच्या भागात घुसत नाही, दूर पसरत नाही. चरबीची गाठ, गर्भाशयातले फायब्रॉइड ही नेहमीची उदाहरणं. दुसरा सभासद मात्र भिंत फोडून शेजारी घुसतो आणि पाइपातून वरच्या मजल्यांवरही पोचतो. ही घातक गाठ, म्हणजे कॅन्सर. रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून तो फुप्फुस, यकृत, हाडं इथपर्यंत जाऊ शकतो.

साधी गाठ म्हणजे बिनधोक, असंही नाही बरं का. कवटीत जागाच नसते, तिथे साधी गाठही मेंदूवर दाब आणते. मोठ्या आतड्यातले काही साधे कोंब वर्षानुवर्षांनी कॅन्सरमध्ये बदलू शकतात, म्हणून ते काढतात.

आता माझ्या घरची गोष्ट. माझ्या मावशीच्या स्तनात गाठ होती. घरात भाचा सर्जन, तरी तिने आठ महिने सांगितलं नाही. का? तर "दुखत नव्हती रे." मंडळी, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. मावशी आली तोवर काखेतही गाठी झाल्या होत्या. दोन वर्षांनी ती गेली. तिला मी आधी कधीच का विचारलं नाही, हे आजही मनात येतं.

हाताला मऊ, सरकणारी गाठ बहुधा साधी असते. कडक, चिकटलेली गाठ संशयास्पद. पण हा झाला अंदाज. खात्री होते ती सुईने किंवा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती सोडा. योग्य पद्धतीने तपासणी केली तर तशी शक्यता अगदी नगण्य असते. तपासणी टाळल्याने मात्र वेळ हातची जाते.

नवी गाठ, वाढत जाणारी गाठ, तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण, रंग-आकार बदलणारा तीळ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, मिश्रीवाल्यांनी तोंडाकडे जास्तच लक्ष द्यावं.

आज घरी गेल्यावर आईला, सासूबाईंना, काकूंना एकदा सरळ विचारा, "कुठे गाठ वगैरे नाही ना?" त्या आपणहून सांगणार नाहीत.

आणि मला जिन्यात गाठलंत तरी चालेल.