२१ हजारांची रेघ

(उंद्री, तालुका चिखली येथे एकट्या बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मायबहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोस्तांनो, जयभीम.

आज इथं हारतुरे नाहीत. आज हिशेब करायचा आहे. गावातल्या एकट्या बाईचा हिशेब. नवरा मेला ती, नवऱ्यानं टाकली ती, दारूला आणि माराला कंटाळून लेकरं काखोटीला मारून माहेरी आली ती. गाव या बायांना काय काय नावं ठेवतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सरकारनं एक सभ्य नाव ठेवलं : निराधार. मी म्हणते, भांडण या शब्दापासूनच सुरू करू. जी बाई अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर रोजानं जाते, येताना डोक्यावर जळतण आणते, दोन लेकरं शाळेत घालते, ती निराधार कशी? तिच्या आधारावर तीन जीव उभे आहेत. खोट आहे ती तिच्या मजुरीत.

आपल्याकडचं साल कसं चालतं ते तुम्हाला मी काय सांगू? पेरणी, मग निंदण. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी. मग कापसाची वेचणी, किलोवर. फागुनाकडं हरभरा. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत हात रिकामे. पहिले निंदणाचे दिवस तरी पुष्कळ होते. आता मालक पाठीवर पंप घेतो, तणनाशक मारतो, आन् बायांचा महिनाभराचा रोज एका दुपारात जळून जातो. सोंगणी उक्ती सुटते, एकराच्या हिशेबानं, तिथं टोळीला जोडपी पायजेत. ऊसतोडीचा मुकादम उचल देताना कोयता मोजतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता! वीटभट्टीवरही तेच. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. दिल्लीहून निघालेला तो कायदा बांधावर कधी पोचलाच नाही.

मंग बाई सरकारच्या दारात जाते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० साली सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता सगळ्या तिच्यात बसतात. जुलै २०२३ मध्ये रक्कम महिन्याला १००० ची १५०० केली. पेपरात फोटो आले. पण रकमेसोबत अट वाढली नाही. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत पायजे, ही अट तशीच राहिली. आता करा हिशेब. २१ हजाराला ३६५ नं भागा. दिवसाला ५७ रुपये. बाई आणि दोन लेकरं, म्हणजे माणशी १९ रुपये. त्यात तेल, मीठ, साबण, वही, ताप आला तर गोळी. या रेघेच्या खाली जी जगते तीच सरकारला गरीब दिसते.

दुसरा हिशेब. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यानं कुटुंबाला वर्षात १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. २०२४-२५ साली महाराष्ट्रात त्याचा दर दिवसाला २९७ रुपये होता. १०० दिवसांचे झाले २९,७००. म्हणजे सरकारनं स्वतःच्या कायद्याप्रमाणं काम दिलं असतं, तर ७१ व्या दिवशी ती बाई २१ हजारांची रेघ ओलांडून गेली असती. एका हातानं दिलेली हमी दुसऱ्या हाताच्या अनुदानातून बाद! दोन्ही कागदांवर शिक्का एकाच सरकारचा. म्हणून दाखल्यावर उत्पन्न खोटं लिहावं लागतं. गरीब बाई खोटारडी नाही, तिला खोटं बोलल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. आणि त्या खोट्याच्या जोरावर गावचा दलाल तिला आयुष्यभर धाकात ठेवतो.

तिसरा हिशेब. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण आली. तीही १५०० रुपये. तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, म्हणजे निराधारच्या जवळजवळ १२ पट. आणि जिला दुसऱ्या योजनेतून १५०० मिळतात, तिला ही नाही. जिच्या घरी कमावता नवरा, शेत, म्हैस आहे तिला १५००. जिच्या घरी चूल पेटायची पंचाईत तिलाही १५०० च. एकटीनं लेकरं वाढवण्याचा जो जास्तीचा भार आहे, त्याची किंमत सरकारच्या वहीत शून्य आहे. हे शून्य वाचायला शिका.

पुढं २०२५ साली त्याच लाडकीची ई-केवायसी निघाली. मागितलं काय? नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार. नवरा मेलेला, बाप मेलेला, किंवा नवरा दुसरी करून बसलेला, तिनं अंगठा कुणाचा आणायचा? बोंब झाली तेव्हा त्या बायांसाठी वेगळे कागद घ्यायची सोय झाली. विधवेकडं निदान मृत्यूचा दाखला असतो. टाकलेल्या बाईकडं काय असतं? टाकणारा काही कागद लिहून देत नाही. अन्नसुरक्षेचा २०१३ चा कायदा म्हणतो की रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख. आणि आपली बाई? तिचं नाव सासरच्या कार्डावर, दाणे सासरी, आणि पोट माहेरी.

आता मेलेल्यांमध्येही जात-वर्ग कसा असतो ते बघा. आपला बुलढाणा जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांत मोजला जातो. शेतकऱ्यानं जीव दिला तर घरच्यांना १ लाखाची मदत २००६ पासून आहे, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ती मिळावी, वाढावी, आमचं त्यात दुमत नाही. पण सातबारा पायजे, कर्ज पायजे. भूमिहीन मजूर त्याच नापिकीत, त्याच गावात, सावकाराच्या त्याच तगाद्यानं मेला तर तो या यादीत नाही. त्याच्या बायकोला कुणी पुढारी भेटायला येत नाही. गावकुसाबाहेरचं मरण अजून गावकुसाबाहेरच आहे.

याच जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. १२ जानेवारीला मोठमोठ्या गाड्या येतात. नवरा दूर मुलखात असताना लेकराला घडवणाऱ्या जिजाऊंना मुजरा घालतात. आमचा मुजरा आहेच. पण १३ जानेवारीला त्याच जिल्ह्यातली एकटी आई तहसीलच्या पायरीवर बसलेली असते, तिच्याकडं गाडीची काच खाली होत नाही.

आता भिंतीला टेकलेल्या दोस्तांनो, जरा तुमच्याकडं वळते. निळा झेंडा खांद्यावर, तोंडात बाबासाहेब, आणि घरी बायको टाकलेली, असा माणूस आपल्यात नाही काय? मान खाली घालू नका, उत्तर द्या. बाईला घटस्फोटाचा आणि वारशाचा हक्क देणारं हिंदू कोड बिल अडवलं गेलं. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे मोठं कारण होतं. त्यांनी खुर्ची सोडली, तुम्ही लेकरं सोडता! पोटगीचं जुनं १२५ कलम जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालं. आकडा बदलला. तारखेला गेलं की रोज बुडतो, ते बदललं नाही. तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ज्यानं बायको-लेकरांना पोटगी दिली नाही, त्याला जयंतीच्या कमिटीत जागा देऊ नका. त्याच्या वर्गणीवर आपली मिरवणूक अडलेली नाही.

कुणी म्हणेल, ही बायांची रडगाणी, यात क्रांती कुठं? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कामगार बायांच्या बाळंतपणाच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले, आणि बाईच्या बाळंतपणाचा भार मालकानं आणि सरकारनंही उचलावा हे त्यांनी ठणकावून सांगितलं. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. आपल्या आज्यांनी तिथं घटस्फोटाचा हक्क मागितला. दया मागितली नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता बायांची परिषद झाली, तिनंही हक्कच मागितले. आपण त्याच रांगेत उभ्या आहोत, नवीन काही करत नाही.

मग काय करायचं? तीन गोष्टी.

पहिली. ज्यांच्या लेकरांना एकच पालक आहे, त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली ती मुलामागं महिन्याला २२५० रुपये झाली. दोन लेकरांचे ४५००, म्हणजे निराधारच्या तिप्पट. आपल्या किती बायांना हे ठाऊक आहे? हात वर करा. बघा! पैसे वेळेवर येत नाहीत, ते भांडण वेगळं. पण अर्जच गेला नाही तर भांडायचं कशावर? आपल्यातल्या शिकलेल्या पोरापोरींनी दलाल व्हायचं नाही, लिहिणार व्हायचं. वही घ्या, घरोघर जा, एकट्या बायांची यादी करा, आणि एकाच दिवशी सगळ्या मिळून चिखलीला आणि बुलढाण्याला चला. एकटी गेली की ‘उद्या ये’. पन्नास गेल्या की साहेब खुर्चीवरून उठतो.

दुसरी. २१ हजारांची रेघ पुसा, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. आणि टाकलेल्या बाईला रेशनकार्ड तिच्या स्वतःच्या नावानं.

तिसरी, आणि खरी. जमीन. दादासाहेब गायकवाडांच्या नावानं भूमिहीन दलितांना ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन द्यायची योजना २००४ पासून आहे. त्यात विधवा आणि परित्यक्ता यांना अग्रक्रम आहे. कागदावर! कारण सरकारच्या भावात कुणी जमीन विकत नाही. मग विचारा, सरकारला धरणाला, रस्त्याला जमीन कशी मिळते? दीड हजारानं महिना ढकलता येतो, माणूस उभं राहत नाही. बाईच्या नावाचा सातबारा झाला की ‘निराधार’ हा शब्द आपोआप मरेल.

आजपासून या बैठकीत तो शब्द कुणी वापरायचा नाही. आपण कष्टकरी बाया आहोत, घर चालवणाऱ्या आहोत. यादीची वही फिरते आहे. ज्यांना लिहिता येतं त्यांनी शेजारणीचंही नाव लिहा, आणि अंगठ्यापाशी थांबू नका, नाव लिहायला शिकवा.

जयभीम!