खोडरबर कोणाच्या हाती?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने आम्हांस ‘संभाषणातील शिस्त’ हा विषय दिला आहे. विषय दिसावयास सोज्ज्वळ आहे. परंतु त्याच्या पोटात काय दडले आहे हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सॲप गटावर एका सभासदाने शिष्यवृत्ती निधीच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारला. प्रश्न पुसला गेला, आणि दुसऱ्या दिवशी प्रश्नकर्ताही वगळला गेला. त्याच आठवड्यात झटपट श्रीमंतीच्या जाहिराती मात्र गटावर सुखाने नांदत होत्या!

गटास शिस्त नको असे आमचे म्हणणे मुळीच नाही. कोणाच्या लेकीसुनेविषयी अभद्र लिहिणाऱ्याचा मजकूर तत्काळ पुसावा. तेथे सभा भरविण्याची वाट पाहू नये. पण आम्ही उभा जन्म वर्ग सांभाळण्यात घालविला. वर्गनायकास फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावे लिहावयास सांगितले, की त्या यादीत त्याच्या जिवलग मित्राचे नाव सहसा येत नसे. तो मुलगा लबाड असे असे नव्हे. खडू त्याच्या एकट्याच्या हाती असे, इतकेच.

सरकारच्या हातीही असा एक खडू होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ अन्वये ‘त्रासदायक’ वा ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यांस पसंती दर्शविली, आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे दोघींस अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. त्यातील शब्द इतके मोघम होते की कोणतेही अप्रिय बोलणे त्यांत बसावे. ‘मंडळाच्या प्रतिष्ठेस बाधक’ हा आपल्या गटाचा नियम त्याच कलमाचा धाकटा भाऊ नव्हे काय?

गटचालक म्हणतात, ‘उद्या कोणी भलते लिहिले तर पोलीस आमच्या दारी येतील.’ ही भीती समजण्याजोगी आहे. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले की, पूर्वनियोजित संगनमत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी चालकास दोषी धरता येत नाही. संदेश गटावर येण्यापूर्वी तो अडविण्याचे सामर्थ्यच त्याच्यापाशी नसते. २०२२ पासून आलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय मात्र चालकास मिळाली. पुसलेल्या जागी त्याचे नाव उमटते; कारण उमटत नाही.

कारण देण्याचे बंधन कायद्याने मोठ्यांवर घातले आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने स्वतःहून कोणाचा मजकूर काढला, तर त्यास तसे कारणासह कळवावे आणि आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आपला गट त्या कक्षेत येत नाही, हे आम्ही जाणतो. पण परक्या कंपनीकडून जे मागावयाचे ते घरच्या माणसास का नाकारावयाचे?

काही वडीलधाऱ्यांचे मत आहे की हिशेब वार्षिक सभेतच विचारावा. सभा वर्षातून एकदा, तीही सत्कारांत निम्मी संपते. सुरतेस वा परदेशी असलेल्या बांधवांनी काय करावे? आणि हा निधी पितृछत्र हरपलेल्या मुलांच्या शुल्कासाठी आहे.

म्हणून आमची सूचना अशी : चालक तीन असावेत, त्यांपैकी एक भगिनीमंडळाने निवडावा. पुसलेल्या प्रत्येक संदेशाचे कारण एका ओळीत गटावर यावे. पैशाविषयीचा प्रश्न कोणीही पुसू नये. तिघांच्या संमतीवाचून कोणास वगळू नये, आणि वगळलेल्यास कार्यकारिणीकडे दाद मागता यावी. गेल्या वर्षी वगळलेल्या सभासदास आजच परत घ्यावे, आणि त्यांनी विचारलेला हिशेब खजिनदारांनी भोजनापूर्वी वाचून दाखवावा.