नावांतील चिन्हे आणि आज्ञेची ओळ

संगणकाला काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. पडद्यावरील चित्रांकडे बोट दाखविणे ही एक, आणि आज्ञा अक्षरांत लिहून देणे ही दुसरी. पहिली शिकावयास सोपी. परंतु हजारो फाइलींवर एकच संस्कार करावयाचा असतो तेथे दुसरीच कामास येते. म्हणूनच आज्ञेची ओळ, म्हणजे कमांड लाइन, अद्याप टिकून आहे. मात्र लेखी आज्ञेत एक अडचण जन्मतःच असते. आज्ञा आणि जिच्यावर ती चालावयाची त्या वस्तूचे नाव, ही दोन्ही एकाच ओळीत, एकाच चिन्हांनी लिहिली जातात. मग नाव कोणते आणि आज्ञा कोणती, हे ओळखावे कसे?

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीची उभारणी आरंभिली. नावांच्या बाबतीत या प्रणालीने मोठे औदार्य दाखविले. कप्प्यांची नावे वेगळी करणारी तिरपी रेघ आणि नावाचा शेवट दर्शविणारा शून्य बाइट, एवढी दोन वगळता कोणतेही चिन्ह नावात चालते. मोकळी जागा चालते, तारका चालते, प्रश्नचिन्ह चालते. इतकेच नव्हे, तर नव्या ओळीची खूणही चालते. पूर्वी नाव मोजक्या अक्षरांत बसवावे लागे. तेव्हा नावे आपोआपच आखूड राहत. पुढे लिनक्ससारख्या प्रणालींत ही मर्यादा सामान्यतः २५५ बाइटांची झाली, आणि नावांच्या जागी अख्खी वाक्ये अवतरू लागली.

लिहिलेली ओळ प्रथम जाते ती शेल नावाच्या दुभाष्याकडे. तो मोकळ्या जागेवर ओळीचे तुकडे करतो. तारका दिसली की तिच्या जागी जुळणाऱ्या सर्व फाइलींची नावे भरतो. आणि मगच मूळ आज्ञेला कामास लावतो. आता 'जुनी पत्रे' या नावाची फाइल पुसावयाची आहे असे समजा. पुसण्याच्या 'आरएम' या आज्ञेपुढे ते नाव तसेच लिहिले, तर शेल त्याची दोन नावे करतो: 'जुनी' आणि 'पत्रे'. 'पत्रे' नावाची दुसरी फाइल तेथे असली, तर ती निमूटपणे नष्ट होते आणि नकोशी होती ती शाबूत राहते. या आज्ञेला केराची टोपली ठाऊक नसते. तिने पुसलेले सहसा परत येत नाही.

यावर तीन उपाय आहेत. एकेरी अवतरणांत ठेवलेले प्रत्येक चिन्ह निव्वळ अक्षर होते. दुहेरी अवतरणांत मोकळी जागा व तारका निष्प्रभ होतात, परंतु डॉलरचे चिन्ह आपला अधिकार सोडत नाही. उलटी तिरपी रेघ तिच्या लगत पुढच्या एकाच चिन्हाची शक्ती काढून घेते. नावाची पहिली अक्षरे लिहून टॅबची कळ दाबली, तर बहुतेक शेल ही व्यवस्था स्वतःच करतात.

तथापि अवतरणांनी सारेच साधते असे नाही. अनेक आज्ञांना सूचना द्यावयाच्या त्या आडव्या रेघेने आरंभ होणाऱ्या अक्षरांनी. एखाद्या फाइलीचे नावच आडव्या रेघेने सुरू होत असेल, तर ती आज्ञा त्या नावालाच सूचना समजते. अवतरणचिन्हे येथे निरुपयोगी, कारण शेल ती आधीच काढून टाकतो. तारकेने भरलेल्या नावांत असे एखादे नाव शिरले, तर न दिलेली सूचना पाळली जाते. म्हणून नावामागे टिंब व तिरपी रेघ लावावी, किंवा नावांपूर्वी दोन आडव्या रेघा स्वतंत्र लिहून 'सूचना येथे संपल्या' असे बहुतेक आज्ञांना सांगावे.

नव्या ओळीची खूण याहून कपटी. नावांची यादी ओळीला एक अशी केली, की अशा एका नावाची दोन नावे होतात. नावात कधीच येऊ न शकणारा शून्य बाइटच दोन नावांमध्ये ठेवणे, हा त्यावरचा पक्का उपाय. व्यवहारात तो पूर्वीपासून होता. २०२४ च्या पॉझिक्स मानकाने त्याला मान्यता दिली.

मराठी नावांना आणखी एक पदर आहे. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी मोजली जातात. म्हणजे २५५ बाइटांत ८५ चिन्हेच मावतात. शिवाय 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ' एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण लिनक्सच्या लेखी सामान्यतः ती दोन भिन्न नावे. समोर दिसणारे नाव अचूक टंकूनही 'अशी फाइल नाही' असे उत्तर येते ते यामुळे. अशा वेळी नाव टंकण्याऐवजी तारकेने वा टॅबने निवडावे.

तात्पर्य, जी फाइल अनेकांच्या हातून जावयाची, तिचे नाव साधे असावे. आज्ञांची मालिका लिहिणाऱ्याने मात्र दुसऱ्यांची नावे साधी असतील असे कधीही गृहीत धरू नये; नाव येईल तेथे अवतरणे घालावीत. आणि तारका वापरून काही पुसण्यापूर्वी तीच तारका 'एको' या नुसते शब्द परत दाखविणाऱ्या आज्ञेस द्यावी. शेलने कोणती नावे भरली हे त्यातून आधी कळते; पुसल्यानंतर कळून उपयोग नसतो.