आठ चमचे आणि एक पळी

आज पाहुणा नाहीये. मीच बोलणारेय, माझ्या बाबांबद्दल.

बाबा नोकरी सांभाळून पोरांना खो-खो शिकवायचे. रोज संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचं, खडे वेचायचे, फक्कीने रेषा आखायच्या. खेळ त्यानंतर. फी? कुणाकडून घेतलेली मला तरी आठवत नाही.

मीही त्यांच्याकडेच खेळायचे. नववीत होते तेव्हा सामन्याला त्यांनी मला बारा जणींत घेतलं, पण उतरणाऱ्या नऊ जणींत नाही. घरी येऊन रडले. बाबा एवढंच म्हणाले, "खो द्यायला तुला उशीर होतो." आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. खरं सांगू? मी तो राग कितीतरी वर्षं सांभाळला.

19 जानेवारी 2025. दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाची फायनल. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे! बाबांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. कधीच मैदानावर न आलेली आई टीव्हीसमोर पुटपुटली, "उशीर केला गं खो द्यायला."

मी बघतच राहिले. "तुला काय कळतं यातलं?"

"तू झोपलीस की हे ओट्यावर आठ चमचे मांडायचे. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. पळी म्हणजे नववी. मी बोलत नव्हते ना, त्या दोन रात्रीही मांडले. तेव्हा पळी म्हणजे तू होतीस. तुला कुठे बसवता येईल, तेच शोधत होते."

मग तिने टीव्हीचा आवाज वाढवला.