स्पेलिंगमध्येच उच्चार असतो
(कांदिवली येथील तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इथेच कांदिवलीत राहतो. मराठी आणि उर्दू माध्यमातून आमच्या क्षेत्रात आलेली अनेक मुलं-मुली मी पाहतो. कोड उत्तम लिहितात, पण मीटिंगमध्ये गप्प बसतात. उत्तर माहीत असतं. शब्द चुकला तर लोक हसतील, ही भीती असते. मग तेच उत्तर दुसरा कुणीतरी देतो आणि बढतीच्या वेळी त्याचंच नाव साहेबांना आठवतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी स्पेलिंग एकीकडे पाठ आणि उच्चार दुसरीकडे पाठ, अशी आपली सवय. दोघांचं नातं सहसा कुणी सांगत नाही.

ते नातं आपल्या लोकलमध्येच बघा. विले पार्ले स्टेशनच्या पाटीवरची पहिली चार अक्षरं व्ही-आय-एल-ई. इंग्रज माणूस ती ‘व्हाइल’ अशी वाचेल. ठाण्याला तो ‘थेन’ म्हणेल. तो त्याच्या भाषेचा नियम पाळतोय. एक स्वर, एक व्यंजन आणि शेवटी ई आलं, तर ई बोलत नाहीत; आधीच्या स्वराचा उच्चार त्या अक्षराच्या नावासारखा होतो. एच-ओ-पी म्हणजे ‘हॉप’, ई जोडा, ‘होप’. के-आय-टी म्हणजे ‘किट’, ई जोडा, ‘काइट’. ‘गिव्ह’, ‘हॅव’ असे अपवाद आहेत, ते वेगळे पाठ करा.

सी या अक्षरापुढे ई, आय किंवा वाय आलं की ‘स’, नाहीतर बहुधा ‘क’. ‘सायकल’मध्ये दोन्ही सापडतात.

सी-एच जोडीने आले तर शब्दाचं मूळ बघा. साध्या जुन्या शब्दांत ‘च’: चाइल्ड, चेअर. ग्रीकमधून आलेल्यांत ‘क’: केमिस्ट्री, टेक्नॉलॉजी. फ्रेंचमधून अलीकडे आलेल्यांत ‘श’: मशीन, शेफ. म्हणून आमच्या कामातला सी-ए-सी-एच-ई हा शब्द ‘कॅश’ होतो, ‘कॅचे’ नाही. आणि ‘आर्किटेक्चर’मधल्या सी-एचचा ‘क’ होतो.

लिहायचं आणि बोलायचं नाही, हे आपल्याला नवीन आहे का? मकतबात कायदा वाचलेल्यांनी आठवा. ‘अल्’पुढे शीन आला की लाम लिहितात, पण वाचतात ‘अश्-शम्स’. ‘अल्-कमर’मध्ये तोच लाम बोलतात. लहान वयात आपण हा नियम शिकलोच ना? इंग्रजीतही असंच आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात पहिला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं, बोलणं मात्र बदलत राहिलं. ‘नाइफ’मधला के एकेकाळी लोक खरोखर बोलत.

एका गोष्टीला स्पेलिंग पुरत नाही: जोर कुठे द्यायचा. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या भागावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्या. त्यासाठी मोबाइलवरच्या डिक्शनरीत शब्द ऐका आणि मोठ्याने म्हणा. रोज एक नियम, दहा शब्द, एवढं पुरे. आपला हेल राहू द्या, समोरच्याला शब्द कळला म्हणजे झालं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्याला अडणारे पाच शब्द लिहून आणा. त्यांचे नियम मिळून शोधू. इथे कुणी कुणाला हसणार नाही.